छापील कृतीतला लाडू कच्चा का राहतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत बेसनाच्या लाडवांची कृती आली आहे. दोन वाट्या बेसन, एक वाटी तूप, दोन वाट्या साखर. दहा मिनिटे भाजा, गरम असतानाच साखर मिसळा, लाडू वळा. या चार ओळींवर विसंबून ज्या घरांत या आठवड्यात कढई चढेल, त्या घरांतले लाडू टाळूला चिकटतील, उग्र लागतील आणि दुसऱ्या दिवशी परातीत बसतील. करणारीला वाटेल की आपला हातच बसलेला नाही. दोष तिच्या हाताचा नाही, छापलेल्या मापाचा आहे. सेलू-परभणीकडे लग्नाच्या रुखवताचे, महालक्ष्म्यांचे आणि दिवाळीचे लाडू किलोच्या हिशेबाने करून देणाऱ्या आम्ही बायका आहोत. खालची मापे आमच्या नेहमीच्या वापरातली आहेत. पत्र लांबले आहे, पण काटछाट करायचीच झाली तर भाजण्याचा भाग तेवढा कापू नये, ही विनंती.

पहिला घोळ 'बेसन' या शब्दाचा. आपल्याकडे नुसते बेसन म्हटले की ताटात पिठले येते, बेसन-भाकर. लाडवाला म्हणतो ते डाळीचे पीठ. दुकानात 'बेसन' म्हणून मिळणारे पाकीट भज्यांसाठी आणि शेवेसाठी दळलेले असते, मैद्यासारखे मऊ. भज्याला ते चांगलेच, कारण पाण्यात गाठी न होता कालवले जाते. लाडवात तोच मऊपणा आड येतो. बारीक पिठाचे कण तूप जास्त पितात, भाजताना लवकर करपतात आणि तोंडात गेल्यावर लगदा होऊन टाळूला बसतात. ज्या लाडवाला आपण 'रवाळ' म्हणून नावाजतो, त्याचा रवाळपणा निम्म्याहून जास्त गिरणीतच ठरलेला असतो.

म्हणून डाळ घरची न्यावी. एक किलो हरभरा डाळ निवडून घ्या, धुऊ नका. ओलसर फडक्याने पुसली की पुरे. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन तास पसरून ठेवा. दातांखाली डाळ चावली जाण्याऐवजी कटकन फुटली की ती दळायला तयार झाली. दळण जाडसर सांगायचे, पण जाडसर म्हणजे किती हे गिरणीवाल्याला दाखवून द्यावे लागते. बारीक रव्याहून जरा बारीक, आणि ज्वारीच्या भाकरीच्या पिठाहून जाड. चिमटीत धरून चोळले तर बोटांना दाणा लागला पाहिजे, पण तो टोचता कामा नये. टोचणारे पीठ भाजल्यावरही आतून कच्चे राहते आणि लाडू खाताना कचकचतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इथल्या गिरण्या दिवसभर ज्वारी दळतात. ज्वारीच्या दळणावर डाळ टाकली तर सुरुवातीच्या पिठात ज्वारीचे पीठ उतरते आणि तेवढा लाडू भगराळ होतो. आपल्याआधी कुणाच्या तरी डाळीचे दळण असेल तेव्हाच नंबर लावा. तसे जमत नसेल तर सुरुवातीचे दोन-तीन मुठी पीठ वेगळे काढून ते पिठल्याला ठेवा. दळून आलेले पीठ गरम असते. तसेच डब्यात कोंडले तर वाफ धरून त्याला कुबट वास येतो. घरी आल्याबरोबर परातीत पसरून गार करा आणि तीन-चार आठवड्यांत वापरून टाका.

डाळ दळण्याआधी भाजावी की नाही, यावर आमच्यातच दोन मते आहेत. मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, रंग न बदलता, हाताला चटका बसेपर्यंत डाळ शेकून दळली तर पुढचे भाजणे तिसऱ्या हिश्शाने कमी होते आणि खमंगपणाही चांगला येतो. मात्र आच जरा वाढली की डाळ वरून लाल आणि आत पिवळी राहते. दळल्यावर दोन्ही एक होतात आणि मग कढईत नजर फसते, कारण लाल कणांमुळे पीठ भाजल्यासारखे दिसते पण भाजलेले नसते. नवख्या हाताने कच्चीच डाळ दळावी.

पाकिटाचेच पीठ घ्यायचे असेल तर मागची बाजू वाचावी. अन्नसुरक्षेच्या २०११च्या विनियमांत बेसनाची व्याख्या स्पष्ट आहे: साल काढलेल्या हरभऱ्याचे पीठ, त्यात ना रंग ना दुसरा कोणता पदार्थ. पिवळ्या वाटाण्याचे पीठ मिसळलेले असेल तर ते बेसन नव्हे. डिसेंबर २०२३मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचे आयात शुल्क काढले गेले, पुढे ती सवलत वरचेवर वाढत गेली आणि स्वस्त वाटाणा बाजारात भरपूर आला. पिठात मिसळल्यावर तो डोळ्यांना ओळखू येत नाही. कढईत मात्र ओळखू येतो. हरभऱ्यात स्वतःची चरबी पाच-सहा टक्के असते, वाटाण्यात एक-दोन टक्के. त्यामुळे वाटाणामिश्रित पीठ तूप घेते पण सोडत नाही, वरून तूप ओतत राहावे लागते आणि हिरवट कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही. 'तूप बरोबर घातले तरी पीठ कोरडेच' ही तक्रार ऐकली की आम्ही आधी पिठाचे पाकीट मागतो.

किमतीवरूनही अंदाज येतो. २०२५-२६च्या खरेदी हंगामात हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये होता. एक किलो डाळीला साधारण एक किलो साडेतीनशे ते चारशे ग्रॅम हरभरा लागतो, म्हणजे मिलची मजुरी आणि वाहतूक धरण्याआधीच पाऊणशे रुपयांच्या पुढे गेलो. हमीभावाच्या या हिशेबापेक्षा बरेच स्वस्त 'शुद्ध बेसन' दिसले तर घटकांची ओळ वाचल्याशिवाय ते घेऊ नये. लातूर-उदगीरच्या डाळ मिलच्या प्रदेशात राहून आपण कुठून तरी आलेले वाटाण्याचे पीठ लाडवाला वापरावे, हे आम्हाला खरोखर लागते. बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेला 'आकाश' असो की शेतकऱ्यांच्या आवडीचे 'विशाल', 'जाकी' हे टपोऱ्या दाण्याचे वाण असोत, चांगला हरभरा आपल्या शेतातून निघतो. डाळ घेताना बिनपॉलिशची मागावी. तेलाचा हात लावून चकचकीत केलेल्या डाळीचे पीठ लवकर खवटते.

पिठाला हळदीहून भडक पिवळा रंग असेल तर चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून बघा. ढवळण्याआधीच पाण्याला पिवळ्या रेषा सुटल्या तर ते पीठ परत करा. मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाची चाचणी हायड्रोक्लोरिक आम्लाने होते, त्यात गुलाबी-किरमिजी रंग येतो. पण ते आम्ल स्वयंपाकघरात आणू नये, ते काम प्रयोगशाळेचे.

आता मापे. वाटीचे माप भाजीला चालते, लाडवाला चालत नाही. एकाच वाटीत चाळून भुरभुरलेले पीठ आणि दाबून भरलेले पीठ यांच्या वजनात चौथ्या हिश्शाचा तरी फरक पडतो. थिजलेले तूप शिगोशिग भरले की पातळ केलेले तूप काठोकाठ, हेही कृतीत सांगितलेले नसते. साखरेचा घोळ तर सर्वांत मोठा. एक वाटी दाणेदार साखर दळली की दीड वाटीहून जास्त पिठीसाखर होते. आपल्या कृतीतल्या 'दोन वाट्या साखर' कुणी दाणेदार मोजून मग दळल्या तर साखरेचे वजन पिठाच्या दीडपटीहून वर जाईल आणि लाडू नुसता गोडमिट्ट होईल. म्हणून वजनच धरावे:

एक किलो जाडसर डाळीच्या पिठाला ५०० ग्रॅम साजूक तूप आणि ७५० ग्रॅम पिठीसाखर. वेलदोड्याची पूड १० ग्रॅम, अर्धे जायफळ, बेदाणे ५० ग्रॅम, आवडत असेल तर चारोळी. यात चाळीस ग्रॅमचे साधारण पंचावन्न लाडू होतात. पीठ पाकिटातले बारीक असेल तर तूप ५५० ग्रॅमपर्यंत लागते. घरात चौघेच असतील तर सगळ्यांचा चौथा हिस्सा घ्यावा: पाव किलो पीठ, १२५ ग्रॅम तूप, १९० ग्रॅम साखर, तेरा-चौदा लाडू. पहिल्यांदा करणारीने पाव किलोवरच हात बसवावा, कारण एक किलो पीठ पाऊण तास हलवायला दंडात ताकद लागते.

तुपाविषयी थोडेच सांगायचे आहे, पण महत्त्वाचे आहे. लालकंधारी किंवा देवणी गायीचे घरचे तूप मिळाले तर उत्तम. म्हशीचेही चालते आणि थिजल्यावर त्याचा लाडू जरा जास्त घट्ट बसतो. लोणी कढवताना बुडबुडे शांत झाले आणि खालची बेरी बदामी झाली की तूप उतरवायचे. बेरी पांढरी असताना गाळलेल्या तुपात ताकाचा अंश आणि पाणी राहते, असल्या तुपातले लाडू आठवड्यात आंबूस वास धरतात. बेरी काळी झालेले तूप आधीच करपट असते, तो वास वेलदोड्यानेही झाकत नाही. डालडा किंवा दुसरे वनस्पती तूप तोंडाच्या उबेला नीट वितळत नाही, म्हणून त्यातला लाडू खाल्ल्यावर टाळूवर मेणाचा थर बसल्यासारखे वाटते. विकतचा 'साजूक तुपातला' लाडू तपासायचा सोपा हिशेब असा: वरच्या मापाने किलोभर लाडवात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास तूप असते. तुपाचा दर किलोला ६०० रुपये धरला तरी नुसते तूपच सुमारे १३५ रुपयांचे झाले. डाळ, साखर, गॅस आणि पाऊण तासाची मेहनत या सगळ्यांचे पैसे त्यावर चढतात.

भाजणे. कढई जाड बुडाची हवी, लोखंडी किंवा कल्हईची पितळी. पातळ बुडाच्या कढईत आच एका जागी बसते, तळाचे पीठ करपते आणि वरचे कच्चे राहते. ५०० पैकी ३५० ग्रॅम तूप आधी घाला, ते पातळ झाले की सगळे पीठ एकदम टाका आणि आच मंद करा. मंद म्हणजे ज्योत कढईच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढीच. उरलेले १५० ग्रॅम तूप जवळ ठेवा, पण हाताशी आहे म्हणून घाई करू नका.

पहिली दहा-बारा मिनिटे अवघड असतात. पीठ तूप पिऊन टाकते, गोळे होतात, सराटा जड जातो, आणि बघणाऱ्याला वाटते की तूप कमी पडले. बहुतेक लाडू इथेच बिघडतात, कारण माणूस घाबरून आणखी तूप ओततो. कमी काही पडलेले नसते. पिठातले पाणी अजून बाहेर पडलेले नसते, तोवर पीठ तूप सोडत नाही. गोळे सराट्याच्या पाठीने कढईच्या बाजूला दाबून फोडत राहा. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाच्या सुमारास गोळे आपोआप ढिले होऊ लागतात. तेव्हा उरलेले तूप दोन वेळा विभागून घाला. पंचविसाव्या मिनिटाला मिश्रण ओल्या वाळूसारखे आणि तीस-पस्तिसाव्याला सैलसर शिऱ्यासारखे होते. सराटा हलका होतो, पिठाला बारीक फेस येतो, कडेने तूप चमकू लागते. याला तूप सुटणे म्हणतात. कृतीत हा शब्द असतो, पण सुटण्याआधी ते गायब होते हे कुणी लिहीत नाही.

तूप सुटले म्हणजे भाजून झाले, असेही नाही. तिथून पुढची सात-आठ मिनिटे खमंगपणाची. आधीचा वास कच्च्या डाळीचा, जरा हिरवट उग्र असतो. मग काही वेळ वासच येत नाही. आणि मग भाजलेल्या फुटाण्यासारखा वास उठतो, तो शेजारच्या खोलीत पोचतो. रंग लिंबू पिवळ्यावरून पिकल्या ज्वारीच्या कडब्यासारखा आणि पुढे बदामी होतो. बदामीच्या एक छटा अलीकडे गॅस बंद करायचा. जाड कढई पुढे चार-पाच मिनिटे भाजतच राहते, म्हणून गॅस बंद केल्यावरही हात थांबवू नये किंवा पीठ लगेच परातीत काढावे. एक किलोला सगळे मिळून पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात, पाव किलोला अठरा ते बावीस. आपल्या कृतीतली दहा मिनिटे फक्त मोठ्या आचेवर शक्य आहेत, आणि मोठ्या आचेवर रंग येतो पण पाणी आत राहते.

ज्यांची नजर आणि नाक अजून बसलेले नाही त्यांच्यासाठी काट्याची एक युक्ती सांगतो. डाळीच्या पिठात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असते. रिकामी कढई, पीठ आणि सगळे तूप यांचे सुरुवातीला मिळून जितके वजन होते, त्याच्यापेक्षा भाजून झाल्यावर कढईचे वजन पिठाच्या किलोमागे सत्तर-ऐंशी ग्रॅमने कमी भरले पाहिजे. शेवटी वजन करताना सराटा मात्र बाहेर काढून ठेवावा आणि त्याला लागलेले पीठ कढईत झटकावे. घट पन्नास ग्रॅमच्या आत असेल तर रंग कितीही सुरेख आला असो, लाडू कच्चा आहे. परत मंद आचेवर ठेवा. काटा आता घरोघरी आहे, त्याचा हा उपयोग करावा.

दुधाचा हबका पुष्कळ जणी मारतात, पुष्कळ जणी चुकीचा मारतात. पीठ पूर्ण भाजल्यावर, गॅस मंद असतानाच, किलोला दोन-तीन चमचे, म्हणजे तीस-चाळीस मिलि. दूध किंवा पाणी हाताने शिंपडायचे. पीठ फसफसून वर येते. गरम तुपातल्या कणांना अचानक वाफ मिळते, ते फुगतात, एकमेकांना धरतात आणि रवाळ दाणा तयार होतो. बारीक पीठ वापरणाऱ्यांना हा हबका मोठा आधार आहे. पण फेस खाली बसून फसफस पूर्ण थांबेपर्यंत, तीन-चार मिनिटे, पुन्हा भाजायला हवे. हबका मारून लगेच गॅस बंद केला की तेच पाणी लाडवात राहते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बुरशीचा वास येतो. टिकवायचे लाडू असतील तर दुधाऐवजी पाणी वापरा. जाडसर दळलेल्या पिठाला हबक्याची गरज नसते.

भाजलेले पीठ परातीत पसरून गार होऊ द्यायचे. किती? बोट आत खुपसून निवांत दहा आकडे मोजता आले पाहिजेत; थर्मामीटर असेल तर चाळीस ते पंचेचाळीस अंश. गरम पिठात पिठीसाखर गेली तर उरलासुरला ओलावा ती ओढून घेते, तिला पाणी सुटते, मिश्रण चिखलासारखे सैल होते, लाडू वळताच येत नाही, आणि गार झाल्यावर तेच दगडासारखे घट्ट बसते. 'गरम असतानाच मिसळा' ही ओळ म्हणूनच आम्हाला सर्वांत जास्त खटकली. साखर घरी दळून चाळून घ्यावी. विकतच्या पिठीसाखरेत गाठी होऊ नयेत म्हणून कधी कधी मक्याचे पीठ घातलेले असते, ते कच्चेच लाडवात जाते.

जुन्या हातांना पिठीसाखरेपेक्षा तगार, म्हणजे पाक घोटून केलेला साखरेचा कोरडा भुगा, आवडते, आणि ते योग्यच आहे. एक किलो साखरेला साडेतीनशे मिलि. पाणी घालून गोळीबंदच्याही (पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी होते त्याच्याही) पुढे पाक न्यायचा, चमचाभर तूप टाकायचे, खाली उतरवून सराट्याने घोटत राहायचे. पाच-सात मिनिटांत पाक पांढरा होऊन त्याचा कोरडा भुगा पडतो, तो चाळून घ्यायचा. तगारीचा कण जिभेवर हलकेच फुटतो आणि ती पिठीसाखरेसारखी ओल धरत नाही. कष्ट आहेत, पण रुखवताच्या लाडवाला आम्ही तगारच वापरतो.

साखर घातल्यावर तळहाताने मिश्रण दहा मिनिटे मळा. मळल्याने तूप सगळीकडे सारखे पसरते आणि लाडवाला भेगा पडत नाहीत. वळताना ओंजळीत घेतलेले मिश्रण आधी घट्ट दाबा, मग गोल करा. दाबण्याआधीच फिरवायला लागले तर आत पोकळी राहते आणि डब्यात लाडू फुटतो. हात कोरडे हवेत.

हवेचा परिणाम आपल्याकडे मोठा आहे. तूप तीस अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि दिवाळी लवकर आली तर परभणी-नांदेडची दुपार त्याच्या वर असते. अशा दुपारी वळलेला लाडू खालून चपटा होतो. लाडू रात्री किंवा पहाटे वळावेत, किंवा तूप ४५० ग्रॅमवर आणावे. उलट मार्गशीर्षातल्या थंडीत तूप परातीतच थिजते आणि लाडू वळताना भुगा होतो. तेव्हा तूप वाढवू नका, परात कोमट पाण्याच्या पातेल्यावर दोन मिनिटे धरा.

बिघडलेले सुधारता येते का? काही येते. सैल झाले तर १०० ग्रॅम पीठ दोन चमचे तुपात वेगळे खमंग भाजून, गार करून मिसळा. कोरडे झाले तर चमचा-चमचा कोमट तूप. साखर घातल्यानंतर पीठ कच्चे असल्याचे कळले तर मात्र कढईत परत घालू नका, साखर आधी करपेल. ते मिश्रण पुरणासारखे भरून पोळ्या कराव्यात. पातळ लाटून मंद तव्यावर तूप सोडून भाजल्या की आतले पीठही बरेचसे भाजले जाते. करपलेल्या पिठाला उपाय नाही. तळाला लागल्याचा वास आला की तळ न खरवडता वरचे पीठ तेवढे दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

पाकातल्या लाडवांविषयी आपल्या कृतीखाली 'साखरेऐवजी पाक घातला तरी चालेल' अशी एक ओळ आहे. ती ओळ अशी मोकळी सोडू नये. पाकातला लाडू हा वेगळा पदार्थ आहे: त्यात तूप कमी लागते, पाक एकतारीच्या (दोन बोटांत एक तार निघते त्याच्या) थोडा पुढचा हवा, आणि मिश्रण दोन-तीन तास मुरल्यावर वळायचे असते. पाक कच्चा राहिला तर लाडू वळत नाही, गोळीबंद झाला तर फुटत नाही. महालक्ष्म्यांपुढे तीन दिवस मांडून ठेवायला मात्र हाच लाडू बरा. आणि उकळत्या पाकात डाळीचे पीठ घालून वरून कढत तूप सोडत जाणे, ही तर म्हैसूरपाकाची रीत झाली. तो म्हैसूरच्या राजवाड्यातल्या मुदपाकखान्यातला पदार्थ, त्यात तूप पिठाच्या दुपटीहून जास्त जाते. त्याची आणि लाडवाची गल्लत करू नये.

डबा भरण्याची एक गोष्ट राहिली. लाडू पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, नाहीतर झाकणाला धरलेली वाफ थेंब होऊन लाडवांवरच पडते. दुधाचा हबका नसलेले लाडू स्टीलच्या घट्ट डब्यात तीन-चार आठवडे नीट राहतात, हबका असलेले दहा-बारा दिवसांत संपवावेत. पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या मुलांना ट्रॅव्हल्सच्या गाडीने डबा पाठवणार असाल तर डिक्कीतली रात्रभराची ऊब लक्षात घेऊन तूप ४२५ ग्रॅमच ठेवा, लाडू तीस ग्रॅमचे लहान वळा, एक रात्र घरी घट्ट होऊ द्या. दोन थरांत बटर पेपर आणि वर डबा हलणार नाही इतका चुरमुऱ्यांचा थर. चुरमुरेही मुले खातात.

येत्या रविवारच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी: एक किलो पिठाचे माप ग्रॅममध्ये, भाजण्याची वेळ पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे, आणि 'गरम असतानाच' काढून 'कोमट झाल्यावर'. दिवाळीला अजून आठ दिवस आहेत, डाळ उन्हात टाकून दळून आणायला तेवढे पुरतात.

कळावे,
आपल्या नियमित वाचक,
लाडू करून देणाऱ्या बायका, सेलू, जि. परभणी